म्हस्कूच्या रानातली इर्जिक

वाटूरच्या शिवारात, निजामाच्या अमलात, म्हस्कू नावाचा एक सरळ जीव नांदत होता. वडिलांनी मेंढरे राखली. म्हस्कूने काळ्या रानात औत धरले. हात कामाला वाहिलेले, मुखी पांडुरंग, आणि बोलणे मात्र फार थोडे.

गावची रीत इर्जिकीची. ज्याचे काम अडले, त्याच्या रानात साऱ्यांनी आपापली औते न्यायची. त्याने सांजेला सर्वांना जेवू घालायचे. त्या वर्षी रायभानच्या इर्जिकीत भरदुपारी म्हस्कूचा बैल लंगडू लागला. अर्ध्या कामावर पोटभर कसे जेवावे, या संकोचाने तो कुणाला न सांगता बैल घेऊन निघून गेला. चुकले ते इथेच! पंगतीत त्याची जागा रिकामी दिसली, आणि गावभर बातम्या पोहोचवणाऱ्या द्वारकाबाईने पाणवठ्यावर निकाल दिला, "म्हस्कूला कामाचा कंटाळा आल्ता, अन् रायभानचं अन्न त्याला गोड लागत न्हाई!"

ज्याच्याविषयी असे बोलले गेले, त्याच्या रानाकडे कुणाचे औत वळणार? हस्त नक्षत्राच्या पावसाची ओल उडू लागली, बैल अजून पाय टेकेना. म्हस्कू ज्वारीच्या पेरणीसाठी दारोदार सांगत फिरला, पण त्या दुपारी का निघून गेलो, ते काही त्याच्या तोंडून निघाले नाही. कुणाकडे पाहुणे होते, कुणाची पेरायची तिफण मोडली होती. पेरणी चुकली, तर वर्षाची भाकर कोठली?

शेवटी त्याची बायको वच्छलाबाई पाणवठ्यावर द्वारकाबाईपुढे उभी ठाकली.

"आत्याबाई, चला. बैलाचा पाय बघा."

"मला काय बैलातलं कळतंय?"

"मंग माझ्या मालकातलं बराबर कळलं व्हय?"

बायका खळखळून हसल्या. द्वारकाबाई गोठ्यात आली. सुजलेला खूर, त्यावरचा हळदीचा लेप तिने पाहिला. "अगं, मंग हा बाबा बोलला का न्हाई!"

आणि काय सांगावे! जी जीभ विटाळली होती, तीच पावन झाली. चुलीचुलीपाशी तिने त्या बैलाचे दुखणे पोहोचवले.

सकाळी बांधावर घुंगरे वाजली. पुढे रायभान. "जेवायची लाज वाटती व्हय रे? आज पळालास तर तुलाच तिफणीला जुपतो!"

म्हस्कूचे डोळे भरले. "जुप दादा. पण जल्दी, ओल उडून राह्यली."

तिफणी चालल्या, ज्वारी ओलीत उतरली. बांधावर भाकरी थापता थापता द्वारकाबाईने दुसऱ्याच कुणाचा विषय काढला.

"आत्याबाई, डोळ्यानं बघितलं का?" वच्छलाबाईने विचारले.

"न्हाई बाई," ती थबकली. "आधी बघून येते."