गुळांब्याच्या बरणीत कोण?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय.

जयपूर, वैशाली नगर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी, बायको केतकी आणि साताऱ्याहून आलेली आई. स्वयंपाकघराला लागून बिनखिडकीची स्टोअर रूम — भर दुपारीही आत मिट्ट काळोख. तिथे आईने केलेल्या गुळांब्याची काचेची बरणी असायची. गुळांबा रोज कमी व्हायचा आणि आतल्या काठाला लाळ! चिकट, तार धरलेली. शी!

आईला डायबिटीस. केतकी एकदा बोलून गेली, "आई, हवा तर वाटीत घ्या ना. बरणीला तोंड का लावता?"

आई लालबुंद झाली. "मी उष्टं करीन? सगळ्यांच्या खाण्यात?" आणि ती बॅग भरायलाच बसली.

मला उंदराचा संशय होता. शिवाय बिबट्याच्या सफारीसाठी नाइट व्हिजन मोनोक्युलर, म्हणजे अंधारात दिसणारी एका डोळ्याची दुर्बीण, घ्यायचाच होता... राजा पार्कातला दुकानदार "दस गुना ज़ूम है, सर!" म्हणून मागे लागला. स्वस्तातल्या मॉडेलला जास्त झूम म्हणजे चित्राचा नुसता चिखल. मी कमी झूमचा, मोठ्या भिंगाचा, इन्फ्रारेड टॉर्चवाला घेतला.

दुपारी तो स्टुलावर बसवला. आधी डोळ्याकडची रिंग फिरवून स्क्रीनवरची अक्षरं स्पष्ट केली, मग पुढची फिरवून बरणी. टॉर्च फुल ठेवला तर काच नुसती पांढरी दिसायला लागली! मग तो सगळ्यात कमी केला, स्टूल जरा तिरकं सरकवलं. आई आणि केतकी माझ्या मागेच उभ्या होत्या.

बरणीचं झाकण घट्ट होतं. आणि आत जीभ होती.

नुसती जीभ. रुंद, खरखरीत. काचेला आतून चिकटून हळूहळू वर सरकत होती, चाटत होती. मी किंचाळून दिवा लावला. आत काहीच नाही... फक्त काचेवरून लाळेचा ताजा ओघळ. महिनाभर आम्ही काठ पुसून तोच गुळांबा पोळीला लावून खाल्ला होता. केतकी बेसिनकडे पळाली, तिच्यामागे मी.

तोंड धुऊन तिने आईचे पाय धरले. आई राहिली. बरणी कचऱ्याच्या गाडीत गेली.

पण आई आईच! म्हणाली, "त्याने आपल्या खाण्यात तोंड घालण्यापेक्षा त्याचं त्याला वेगळं वाढू." तेव्हापासून रोज दुपारी स्टोअरमध्ये एक वाटी गोड ठेवते. संध्याकाळी वाटी लख्ख असते. मोनोक्युलर कपाटात पडलाय. पुन्हा बघायची माझी छाती नाही, आणि हे काय आहे ते मला आजही सांगता येत नाही.

ती वाटी आई घासून रॅकमध्ये ठेवते. "वेगळी ठेव ना गं," म्हटलं, तर म्हणते, "घासलीय की रे!"

आमच्याकडच्या सगळ्या वाट्या एकसारख्या आहेत.