शंकासुराची पारख

सिगारच्या कारखान्यात चव पारखणाऱ्या बाबांना घरीदारी ‘शंकासुर’ म्हणत. उंची सिगार हाती आली की आधी तिच्यावरची नावाची पट्टी उतरवायची, ही त्यांची रीत. “नावाला भुललं की जीभ खोटं बोलते!”

लेकीला मागणी घालायला आलेल्या मुलाने नेमकी तसलीच सिगार भेट आणली, तेव्हा बाबांच्या भुवया वर चढल्या. पट्टी उतरली. दाबून झालं, हुंगून झालं. मग टोक कापून त्यांनी न पेटवताच एक झुरका ओढला आणि डोळे बारीक केले.

“लवंग! मसाला मारलेला नकली माल. आणणाराही तसलाच असणार!”

मुलगा पांढराफटक पडला. लेकीचे डोळे भरून आले.

“अहो,” आई म्हणाली, “सकाळपासून दुखऱ्या दाढेत लवंग कोण धरून बसलंय?”

बाबांनी गुपचूप लवंग थुंकली, चूळ भरली आणि सिगार पेटवली. धूर मऊ होता, राखही घट्ट धरून राहिली.

“अस्सल आहे,” ते नाइलाजाने म्हणाले. “पण हिची पट्टी काढली, तुमची अजून राहिलीय, जावईबापू!”

लेक टुणकन उठली. “काय म्हणालात, बाबा?”

“कुठे काय? दाढ दुखतेय माझी!”