हात न पोचलेला कोपरा

वनस्पती उद्यानात त्यांना सगळे टापटीपकाकू म्हणत, आणि ते नाव कुणी उगाच पाडलेलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या वाफ्यात वाळकं पान पाहिल्याचं कुणी सांगावं आणि काकूंनी ते ऐकून घ्यावं, हे शक्यच नव्हतं. खिशात सदैव छोटी कात्री. घरीही तीच तऱ्हा. नवरा म्हणायचा, "पेपर टेबलावर ठेवून दाढी करायला गेलो की परत येईपर्यंत तो रद्दीत! मी स्वतः एका जागी फार वेळ बसत नाही, उगाच धोका नको."

या कीर्तीमुळेच गुलाबांवरून त्यांची बदली टुंड्राच्या खोलीत झाली. खोली काचेची, शाळेच्या वर्गाएवढी, कोपऱ्यात घरघरणारं थंडीचं अवजड यंत्र. उत्तर टोकाजवळच्या त्या उजाड मुलखासारखी हवा इथे राखायची होती. खालची माती बारा महिने गोठलेली, वरचा थर तेवढा उन्हाळ्यात वितळायचा, आणि पाण्याला मुरायला वाट नसल्यामुळे चिखलच चिखल. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून दोन महिने इथले दिवे चोवीस तास चालू. भिंतीवर चित्रं होती: खुरांनी बर्फ उकरून दगडफूल खाणारं रेनडिअर हरीण, हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होणारा कोल्हा, बर्फाखाली वाळक्या गवताचं घरटं करणारा लेमिंग नावाचा गुबगुबीत उंदीर.

बोटभर उंचीच्या विलो नावाच्या झाडाचं वय ऐकून काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझ्याएवढा आहेस होय रे? मग वाढला का नाहीस?"

पण त्यांचा जीव जडला तो जमिनीला चिकटून पसरणाऱ्या झुडपांवर. त्यांना आठ पाकळ्यांची पांढरी फुलं यायची. काकू आल्या त्या उन्हाळ्यात भरपूर आली, दुसऱ्या वर्षी मोजून पाच. तिसऱ्या वर्षी एकही नाही.

उद्यानाचे साहेब वयाने लहान, काकूंना मानणारे. चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते खाली बघत म्हणाले, "काकू, हा उन्हाळा शेवटचा. फूल आलं नाही तर खोली बंद करायचं वरून ठरलंय. निवडुंग लावणार आहेत."

"निवडुंग!" काकू ओरडल्या. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला झोकून दिलं. जाड कोट घालून, गुडघे टेकून त्या एकेक वाळकं पान वेचायच्या. झुडपं आरशासारखी लख्ख झाली आणि आणखीच सुकली.

मग यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाल्याने ते ओढून बाजूला केलं आणि मागचा कोपरा उघडा पडला. तिथे काकूंचा हात कधी पोचलाच नव्हता. तीन वर्षांची वाळकी पानं एका झुडपाला गच्च बिलगलेली पाहून काकूंना लाज वाटली. सवयीने कात्री बाहेर आली, आणि तशीच राहिली. त्या काळपट पाचोळ्यातून हिरवीगार पालवी वर आली होती. तिच्यात चार कळ्या होत्या.

काकूंनी मागे वळून आपली स्वच्छ झुडपं पाहिली. थंडीवाऱ्यात या जिवांना स्वतःच्या जुन्या पानांचीच गोधडी, आणि सावकाश कुजलं की तेच खत. ती गोधडी काकू तीन वर्षं रोज ओढून काढत होत्या. त्या तिथेच बसून रडल्या.

लपवता आलं असतं. चार कळ्या दाखवून शाबासकीही मिळाली असती. पण त्या तडक साहेबांकडे गेल्या. "साहेब, झाडांना काही झालेलं नाही. जे झालंय ते माझ्यामुळे झालंय."

सगळं ऐकून साहेब स्वतः जाऊन तो कोपरा पाहून आले. मग म्हणाले, "हे मी शिकलो होतो, काकू. तुमचे वाफे इतके देखणे असायचे, की माझ्याही डोक्यात आलं नाही."

त्या दुपारी काकूंनी कचऱ्याच्या पिंपातून आठवड्याची पानं परत आणली आणि प्रत्येक झुडपाच्या अंगाभोवती खोचली. चार कळ्या उमलल्या, खोली वाचली. कात्री गुलाबांच्या नव्या माळ्याकडे गेली. ती झाडं घाई करणारी नव्हेत. पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्या झुडपांना नुसती पालवी आली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सतरा फुलं.

त्या सतरा फुलांसमोर एक पाहुण्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "फुलं सुंदर आहेत हो, पण किती हा पाचोळा! इथे साफसफाई कोणी करत नाही का?"

"नाही," टापटीपकाकू ताठ मानेने म्हणाल्या. "ते न करायचं काम माझ्याकडे आहे."