सासूबाईंचे वेणीचे मोजे

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मला सांगता यायचं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेजवळ कोसाडला राहायचो, नवरा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये. आता सुरतेत लोकर कोण विणतं? पण सासूबाई धुळ्याकडच्या, तिकडे थंडी कडक. लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्या हातचं काही त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. भाकरी जाड, वरण पातळ. म्हणून मी पत्रात लिहून टाकलं, या तुम्ही, तुमच्यासाठी वेणीच्या विणीचे मोजे करतेय. माप? ते मी नजरेनंच घेतलं होतं!

मिलमधल्या चौकटीच्या कागदावर वेणी काढली. सुंदर जमली हो. तेवढ्यात नवरा म्हणाला, "कापड प्रोसेसला गेलं की आटतं. वाढवून धर." मी टाके वाढवले. वेणी घालताना वीण आवळते, म्हणून आणखी वाढवले. सासूबाई सोड्याच्या पाण्यात धुतल्याशिवाय राहायच्या नाहीत, म्हणून अजून थोडे.

त्या यायच्या आदल्या दिवशी मोजे धुतले. आटावेत म्हणून चांगले भिजवले. आटतात कसले? ओल्या वजनानं दोरीवर लोंबून आणखी लांब झाले. शेजारीण विचारून गेली, "आ पायजामो छे?"

उसवायला वेळ कुठला? सकाळी सासूबाई हजर. चहा व्हायच्या आत म्हणाल्या, मोजे दाखव. मी घाबरत घाबरत दिले. त्यांनी पाय घातला. टाच पोटरीवर आली आणि मोजा गुडघा ओलांडून वर गेला. नवरा छताकडे बघत बसला. मी मनातल्या मनात माहेरची पिशवी भरली.

सासूबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मन्हा गुडघा दुखतस, हाई तुले कोनी सांगं?"

मी चहा ओतायला वळले. खोटं बोलू नये म्हणतात, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. पण जीव भांड्यात पडला, अगदी आवाज व्हावा असा. सुरतच्या उकाड्यातही पाच दिवस त्यांनी मोजे काढले नाहीत, आणि भाकरीला एकदाही नाव ठेवलं नाही. मला तर वाटायला लागलं, आपण मुद्दामच गुडघ्याचे मोजे विणले.

निघताना गाडीच्या खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "गुडघासले हुई गयं. आते पायसले मोजा विन. पन माप लिसन."

माप घेऊन, म्हणे! गाडी सुटली म्हणून वाचले.