माईंच्या मांडीवरची पातेली

अण्णांचं कार्ड आलं तेव्हा मी दादरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. कार्डावर तीनच ओळी होत्या. 'तुझी जाऊ काल सकाळी गेली. त्रास झाला नाही. दुर्बिणीवर रोज संध्याकाळी कापड घालायचं, ते आता कोण घालणार हा प्रश्नच आहे.' त्रास कोणाला झाला नाही, ते अण्णांनी लिहिलं नव्हतं. मी तांदूळ निवडून संपवले, डबा जागेवर ठेवला आणि मग पनवेलला जायला निघाले.

नंदू, शुभा, नैरोबीहून आलेल्या तुमच्या पत्रात तुम्ही विचारलंत, अण्णाआजोबांची दुर्बीण अजून आहे का? आहे. माईंविषयी तुम्ही काही विचारलं नाहीत, आणि त्यात तुमची चूक नाही. त्या घरी आलेल्या प्रत्येकाने शनीची कडी पाहिली, मग चहा घेतला आणि चहा आणणारा हात न बघता तो निघून गेला. म्हणून आता मी क्रमाने सांगते.

पनवेलच्या घरात मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा माई थोरल्या होत्या. शिक्षण मराठी चौथी. मी बी. ए. झालेले, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "इंग्रजीत सुद्धा भात करपतो का गं?" अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, शाळेत शास्त्र शिकवत. मागच्या खोलीत एका पिंपाभोवती फिरत ते काचेची जाड तबकडी कुरुंदाच्या पुडीने घासत असत. तिचा दुर्बिणीसाठी आरसा व्हायला काही वर्षं लागली. पूड धुऊन काढायचं काम माईंचं. त्यांच्या बोटांची कातडी त्या पुडीने अशी झिजली होती की भाकरी थापताना पीठसुद्धा झोंबे.

माईंचं माहेर उरणचं. घरी विधवा आई एकटी. एका दिवाळीला पंगतीत त्या आई सहज म्हणाल्या, "जावईबापू काचा घासतात म्हणे, कल्हई पण लावतात का?" पंगत हसली. अण्णा पानावरून उठले आणि त्या दिवसापासून माईंचं माहेर बंद झालं. बंद म्हणजे बंद. उरण काही विलायतेत नव्हतं. मिठागरांवरून मीठ घेऊन बैलगाड्या पनवेलच्या बाजारात येत, त्यातला हिरू गाडीवान माईंना आईची खुशाली सांगे. लढाई नुकतीच संपली होती त्या सुमाराला एकदा तो मागच्या दाराशी येऊन म्हणाला, "माई, आयेला आता डोल्यांनी नीट दिसत नाय. थोडं दिसतंय तवर येऊन जा म्हनली. तोंड बघायचं हाय." माईंनी त्याला गूळपाणी दिलं आणि आत येऊन त्या बराच वेळ एकच भांडं घासत राहिल्या.

नेमकं त्याच महिन्यात अण्णांना उरणला जायचं झालं. सासूकडे नव्हे, समुद्रावर. बुध हा ग्रह सूर्यास्तानंतर थोडाच वेळ, अगदी क्षितिजाला टेकलेला दिसतो, आणि पनवेलहून पश्चिमेला बघावं तर झाडं आणि गिरण्यांचा धूर. दुर्बीण उरणच्या किनाऱ्यावर न्यायचं त्यांनी ठरवलं. माईंना म्हणाले, "गाडी ठरली तर तूही चल. मी किनाऱ्यावर असेन, तू आईकडे बस. पण मनासारखी गाडी मिळाली तर. नाही तर पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी आईला काय दिसणार होतं, हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

होडी पहिल्याच झटक्यात बाद झाली. खाऱ्या पाण्याचे तुषार आरशाच्या चांदीला चालत नाहीत. डॉक्टरांची मोटार मागितली, तर पेट्रोल रुग्णांनाच पुरत नाही म्हणाले. एस. टी. तेव्हा नव्हती, खासगी मोटारवाला दुर्बीण टपावर टाका म्हणाला आणि अण्णांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. उरली हिरूची बैलगाडी, गिरणीची लॉरी आणि कासमभाईंचा, चाकांना रबरी धाव असलेला टांगा. यातलं कोणतं वाहन कमी हादरतं ते बघायचं, तर दुर्बिणीएवढं वजन आत हवं. आणि खरी दुर्बीण त्यासाठी कशाला धोक्यात घाला? अण्णांनी माईंकडे बघितलं.

भातगिरणीच्या मोठ्या काट्यावर भरबाजारात त्यांनी एका पारड्यात दुर्बीण ठेवली आणि दुसऱ्यात माईंना बसवलं. माई नऊवारीचा पदर दातात धरून बसल्या. पारडं वरच राहिलं, तेव्हा मांडीवर तांदूळ ठेवून काटा सरळ केला. गिरणीचे शेठ म्हणाले, "मास्तर, वहिनी भारी की दुर्बीण?" अण्णा म्हणाले, "वजन सारखं. उपयोगाचं विचारू नका." हमाल हसले. मीही तिथेच उभी होते. माई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचे तांदूळ खाली सांडू न देता शेठच्या पोत्यात परत ओतले.

मग चाचण्या. माईंच्या मांडीवर काठोकाठ पाण्याने भरलेली पितळी पातेली, आणि गाडी गावातून बंदराच्या रस्त्याने पुढे आणि परत. "पाणी खोटं बोलत नाही," अण्णा म्हणत. पातेलीवर नजर ठेवायला मला शेजारी बसवलं, कारण मी शिकलेली. हिरूची गाडी दोन खड्ड्यांतच पातेली अर्धी करून बसली. माई भिजलेल्या. हिरू म्हणाला, "ही मिठाची गाडी हाय माई, नवरीची नाय." लॉरीत तर पाण्याबरोबर पातेलीही उडाली. कोर्टापाशी उभे असलेले वकील ओरडले, "मास्तर, वहिनींची आंघोळ घरी होत नाही का?" माई तशाच ओल्या लुगड्याने सगळ्या बाजारातून घरी आल्या. अण्णा म्हणाले, "आता टांगा शेवटचा. यातही सांडलं तर उरण रद्द."

टांग्यात काय झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. माई बसल्या, पातेली हातात घेतली, आणि टांगा हलताच त्यांचं अंग बैठकीवरून बोटभर वर उचललं गेलं. सगळा भार चवड्यांवर. गुडघे सैल, कोपरं अंगापासून सुटी. लुगड्याच्या घोळात बाहेरून काहीच दिसत नव्हतं. लहानपणी उरणच्या विहिरीवरून डोईवर भरल्या घागरी आणणारी बाई होती ती. टांगा उडत होता, माई उडत होत्या, पातेली मात्र देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी स्थिर. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, तेवढंच काय ते सांडलं. परत आल्यावर अण्णांनी मला विचारलं, "थेंब तरी?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं. माईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या रात्री माझ्या पानात साईचं दही जास्त पडलं.

पुढचं मी कासमभाईंच्या तोंडून ऐकलं. दुर्बीण गाद्यांत गुंडाळून टांग्यात आडवी ठेवली होती, माई अंग चोरून कडेला. मांडीवर आईसाठी केलेल्या लाडवांचा डबा. गव्हाणपर्यंत सगळं ठीक होतं. जासईच्या अलीकडे मोरी खचलेली होती. टांगा आपटला आणि गाद्यांच्या आतून बारीक आवाज आला... काकण फुटल्यासारखा. अण्णांनी दोरी सोडून आरसा काढला. मधोमध तडा होता. ते ओरडले नाहीत. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी माईंना एवढंच विचारलं, "त्या दिवशी पाणी का सांडलं नाही?"

माई म्हणाल्या, "मी सांडू दिलं नाही."

"सांडायचं होतं, मूर्ख! त्यासाठीच तर बसवली होती तुला."

तेव्हा माई जे बोलल्या ते कासमभाई सांगताना दर वेळी थांबत. "लग्न झाल्यापासून सांडू नको, सांडू नको एवढंच ऐकलंय. सांड म्हणून आजच ऐकते."

अण्णांनी टांगा फिरवायला सांगितला. समोर द्रोणागिरीचा डोंगर दिसत होता. त्याच्या पायथ्याशी उरण. कासमभाई म्हणाले, "मास्टरसाब, खुदा के वास्ते, इतक्या लांब आलो. बाईंना सोडून तर येऊ, अम्मी वाट बघत असेल." अण्णा म्हणाले, "ज्या कामाला निघालो होतो ते काम राहिलं नाही." हे ते रागाने बोलले नाहीत, एवढं लक्षात ठेवा. वर्गात चुकलेलं उदाहरण पुसावं तसं ते बोलले. लाडवांचा डबा परत आला, आणि घरी आल्यावर अण्णांनी त्यातला एक मागून घेतला.

पुढे त्यांचा राग ओसरला, म्हणजे खरं तर ते विसरले. नव्या तबकडीचं घासणं सुरू झालं होतं, त्यात दुसरं काही डोक्यात राहायला जागा नव्हती. नवा आरसा जवळजवळ होत आला तेव्हा एकदा सहज म्हणाले, "उरणला जायचं होतं ना तुला? जाऊन ये." मी माईंना घेऊन गेले. आई खाटेवर बसलेल्या, डोळे पूर्ण गेलेले. माई पुढे झाल्या आणि त्यांनी आईचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. म्हाताऱ्या बोटांनी गाल चाचपला, हनुवटी, गळ्याची हाडं, मग माईंची झिजलेली बोटं. आणि हात मागे घेतला. "कोणाला आणलंत हो? ही माझी नव्हे. माझी भरल्या अंगाची आहे." मी समजावू लागले, तर माईंनी मला खुणेने गप्प केलं. "मी शेजारची," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी शेजारणीसारखे आईचे पाय चेपले. आई तेवढा वेळ लेकीचं कौतुक सांगत होत्या. ती येणार आहे, जावयांना सवड झाली की येणार आहे... चार महिन्यांत आई गेल्या.

तुम्ही शनी पाहिलात तो त्या नव्या आरशातून. छान दिसतो, यात वाद नाही.

आता एकच गोष्ट सांगायची राहिली. जासईहून परत आले त्या रात्री माईंनी अण्णांचं पान वाढलं, फुलपात्रात पाणी ओतलं, आणि ओतता ओतता थोडं बाहेर सांडलं, नेमकं अण्णांच्या धोतरावर. अण्णा म्हणाले, "सांडलं!" माई म्हणाल्या, "सांडलं हो." दुसऱ्या दिवशीही तसंच, दोन्ही वेळा. अण्णा रागावून बघत, पातेल्या आपटून बघत, एकदा ताटही भिरकावलं. माई पुसून घेत आणि पुढच्या जेवणाला पुन्हा तेवढंच पाणी, त्याच जागी. आयुष्यभर. शेवटी अण्णांनीच सवय करून घेतली. माई तांब्या घेऊन आल्या की ते डाव्या हाताने धोतराचा सोगा उचलून धरत, पाणी सांडे, सोगा खाली येई, जेवण सुरू होई. पाटाशेजारच्या शहाबादी फरशीवर त्या पाण्याचा पांढरा डाग पडला आहे. मी या वेळी तो घासून बघितला. जात नाही.

माईंचे दिवस झाल्यावर मी आठवडाभर तिथे राहिले. दुर्बिणीवर कापड घातलं नाही. अण्णांनी दोनदा आठवण केली, मग स्वतः उठून घातलं. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांचं पान वाढलं. भात, वरण, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. मग तांब्या घेऊन आले. अण्णांनी डाव्या हाताने सोगा उचलला आणि फरशीकडे बघत थांबले.

मी फुलपात्र काठोकाठ भरलं. एक थेंब बाहेर पडू दिला नाही.

"जेवा अण्णा," मी म्हटलं. "भात निवतोय."

मी हात धुऊन, पिशवी भरून बाहेर आले तेव्हाही त्यांनी सोगा तसाच धरून ठेवला होता.