‘वाढवा’ म्हणालो त्याची गोष्ट

आमच्या घरचं किराणा दुकान होतं. संध्याकाळी ‘दुकान बंद करा’ म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. अभद्र बोलू नये म्हणून ‘दुकान वाढवा’ म्हणायचं. माझ्या तोंडात तोच शब्द बसला होता.

पुढे मी गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी झालो. तीन कोसांवरच्या वस्तीचं दूध एक मामा सायकलवरून आणायचे. अकरा वर्षांत त्यांचा खाडा मला आठवत नाही. मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. चार कॅन दूध दोनवर आलं आणि उन्हानं तेही वाटेत नासायला लागलं. संचालक मंडळानं ठरवलं, सोमवारपासून सगळ्या वस्त्यांचं दूध टेम्पो आणेल. मामांना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मंडळाचा निर्णय चूक नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण सांगायला जीभ रेटेना. मामा कॅन विसळत होते. मी रजिस्टरात डोकं घालून म्हणालो, “मामा, लई वर्षं केलंत. आता वाढवा.”

त्यांचा चेहरा फुलला. “वाडवतो की भाऊ! माज्या बी मनात लई दिसापासून हुतं.”

मी मनात म्हणालो, सुटलो. त्यांनाच सोडायचं होतं म्हणायचं! त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

शनिवारी मामा सायकल ढकलत आले. मागे लोखंडी कॅरिअर नवं जोडलेलं, त्यावर चार कॅन. आणखी दोन वस्त्या पायाखाली घालून त्यांनी घरोघरचं दूध गोळा केलं होतं. कॅरिअरसाठी शेळी विकली होती. “तसं बी चारा कुठं हाय,” म्हणाले. मी दूध मोजून घेतलं. सांगायला अजून रविवार होता. मी “झकास” म्हणालो.

रविवारीही मी सांगितलं नाही. का, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय आणि दर वेळी भित्रेपणाशीच येऊन थांबतो.

सोमवारी तिन्ही वस्त्यांवर मामांच्या आधी टेम्पो पोचला. बायकांनी त्यांना रिकामी भांडी दाखवली. उन्हं चढल्यावर मामा रिकामे कॅन खडखडवत संस्थेत आले. आता हे मला बोलणार, बोलू देत, असं वाटलं. खरं तर मला ते हवंच होतं.

“भाऊ, टेम्पो लागला व्हय?”

मी मान हलवली. मग तो शब्द आमच्या दुकानात कसा वापरतात, ते खाली मान घालून कसंबसं सांगितलं.

“अस्सं व्हय,” मामा म्हणाले. “तुमी तर सांगितलं हुतं. मलाच अडान्याला समजलं न्हाई. मापी करा, तुमाला उगं तरास झाला.”

त्यांनी हात जोडले. मी म्हणालो, “असू द्या मामा, होतं असं.” आणि त्यांना माफ करून मोकळा झालो.