दारातली पारंबी

राणीच्या वडाला लोखंड लागू नये म्हणून जीव द्यायला तयार असलेल्या गावात एक माणूस त्याच वडाच्या पोटात कुजतोय, याला तुम्ही काय म्हणाल? देशभक्ती? म्हणा. पण आधी मुबारकबीची गोष्ट ऐका.

काष्टीहून बैलगाडीनं दोन तासांवर हा वड. मोगलांशी लढताना राणी चांदबीबीनं इथं घोडा बांधला, असं गाव सांगतं; म्हणून त्याला कुऱ्हाड-करवत लावायची नाही. बेचाळीस सालापासून तर तिथं सभाच भरतात. "हा वड वाकला नाही, आपणही वाकणार नाही!" टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी मुबारकबीच्या घरातली माती झडते, कारण तिचं घर पारंब्यांच्या गराड्यातच आहे. सासरच्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या झाडाची राखण.

राखण म्हणजे काय? लोंबती पारंबी पोकळ बांबूत सोडायची, बांबूत माती भरायची, रोज पाणी घालायचं. पारंबी जमिनीला लागली की तिचा खांब होतो. नव्या सुनेनं पहिली पारंबी उंबऱ्यावरून दिसेल अशी लावायची, हा त्या घरचा रिवाज. तेरा वर्षांच्या मुबारकबीनं हौसेनं ती उंबऱ्यापासून वीतभरावरच लावली.

"लई जवळ लावलीस गं पोरी," सासू हसली. पण मातीला लागलेली पारंबी उपटायची नसते. तीस वर्षांत ती मांडीएवढी झाली. आता मुबारकबी आधी घागर बाहेर ठेवते, मग स्वतः आडवी होऊन निघते. मागची भिंत मुळांनी अशी धरलीय की एक दगड काढला तर छप्पर अंगावर येईल.

बारा दिवसांपूर्वी तिचा नवरा खाजाभाई घरातच माळ्यावरून बांबू काढताना पडला. हाडवैद्य कसाबसा आत शिरला. म्हणाला, "खुबा मोडलाय. अंग वाकवू नका. बाजेवर सरळ निजवून नगरच्या दवाखान्यात न्या."

बाज दारातून निघेना. तिरकी केली तर खाजाभाई गुरासारखा ओरडला.

मुबारकबीनं कुऱ्हाड उचलली. सभेत सगळ्यात पुढं बसणाऱ्या कारभारीआण्णानं ती हिसकावली.

"येडी झाली का? राणीचं झाड हाय!"

"राणीचं तिकडं हाय, आण्णा. ही पारंबी माझी. मी लावली."

"तुजी-माजी काय? देशाची हाय ती!"

"मंग देशाला म्हनावं, ये, बाज बाहेर काढ."

जमलेल्या बाया पदराआड हसल्या. कारभारी तापला. कुऱ्हाड चावडीत गेली आणि दारात दोन गडी पहाऱ्याला बसले. एक त्याचा भाऊ, दुसरा चळवळीतला गोरक्ष, नुकताच तुरुंगातून सुटलेला.

"लोखंड नको ना? दगड तर चालतो!" म्हणत मुबारकबीनं आतून वरवंटा घातला. साल निघाली, पांढरा चीक गळाला. दुपारपर्यंत वरवंट्याचेच दोन तुकडे झाले. तळहात सोलून निघाले, ते निराळंच.

आतून खाजाभाई म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गावाशी वैर घेऊन जायचं कुठं?"

पारंबीला टेकून तिनं गोरक्षला विचारलं, "इंग्रजाच्या तुरुंगाचं दार केवढं असतं रं?"

गोरक्षनं मान खाली घातली. "मानूस जाईल एवढं असतं, भाभी."

कारभारीचा भाऊ खेकसला, "गप बस!" गोरक्ष पहाऱ्यावरून उठला नाही.

खाजाभाईचा पाय आता काळा पडलाय. मुबारकबी फडकं भिजवून कपाळावर ठेवते, ते लगेच तापतं. कारभारी म्हणतो, पारंबी कापायची की नाही, त्याचा रविवारच्या सभेत ठराव मांडू.

ठराव! रविवारी तुम्ही येणारच आहात, राणीचा जयजयकार करायला. या. हार आणू नका, करवत आणा. पहाऱ्यावरच्या दोघांना भिऊ नका. आणि एकानं पारंबी कापून काढली की बाकीच्यांनी बाज धरायला आत शिरायचं.